जिंकता जिंकता बुडालेला क्लब



ऊस, पाणी, खत आणि भाव हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवून या वेळी आम्ही फुटबॉलवर लिहीत आहोत. संपादक मंडळाला दुसरे काही सुचले नाही की काय, असे काहींच्या मनात येईल. म्हणून आधी कारण सांगतो.

हल्ली गावोगावची पोरं रात्री जागून परदेशातले फुटबॉलचे सामने बघतात. कोल्हापूरकडे तर या खेळाचे वेड जुनेच. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमी आमनेसामने आल्या की घरची कामे खोळंबतात. असाच एका सभासदाचा मुलगा शेअरच्या कामासाठी ऑफिसात आला होता. बोलता बोलता म्हणाला, "काका, इंग्लंडातला लीड्स युनायटेड एवढा मोठा क्लब. २००१ साली युरोपातल्या पहिल्या चारांत होता. आणि २००७ साली थेट तिसऱ्या वर्गात! असं कसं हो झालं?"

आम्ही उत्तर शोधू लागलो. वाटले होते, खेळाडू थकले असतील, नाहीतर शिकवणारा वाईट भेटला असेल. पण मूळ कारण मैदानावर सापडेना. ते सापडले क्लबाच्या ताळेबंदात. आणि ताळेबंदाची गोष्ट निघाली की ती आपल्याही घरची होते. म्हणून हा लेख.

क्लब कशावर जगतो?

तिकडचा मोठा क्लब म्हणजे चार पोरांनी वर्गणी काढून चालवलेले मंडळ नव्हे. त्याला पैसा येतो चार वाटांनी: सामन्यांची तिकिटे, टेलिव्हिजनचे हक्क, जाहिराती आणि टोप्या-बनियनांची विक्री, आणि जमल्यास आपला एखादा खेळाडू दुसऱ्या क्लबाला देऊन मिळणारी रक्कम. खर्चाच्या मोठ्या बाबी दोनच. खेळाडूंचे पगार आणि नव्या खेळाडूंची खरेदी.

खरेदी हा शब्द ऐकायला विचित्र वाटतो. माणूस काही कोणी विकत घेत नाही. खेळाडूचा क्लबाशी चार-पाच वर्षांचा करार असतो. तो मुदतीआधी सोडवून न्यायचा, तर नव्या क्लबाने जुन्याला रक्कम मोजायची, अशी रीत आहे. इथे हिशेबाची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ही रक्कम वहीत एकदम खर्ची पडत नाही, ती कराराच्या वर्षांवर वाटली जाते. समजा, १ कोटी पौंड देऊन पाच वर्षांच्या कराराने खेळाडू आणला, तर त्या वर्षीच्या नफातोटा पत्रकात खर्च दिसतो फक्त २० लाखांचा. यात लबाडी नाही. यंत्रसामग्रीचा घसारा आपणही असाच धरतो. पण यंत्र मोडले तर भंगाराचे तरी चार पैसे येतात. खेळाडूचा गुडघा गेला, तर किंमत जाते आणि पगार मात्र चालू राहतो.

आता वर्गांचे बघू. इंग्लंडातला सर्वांत वरचा वर्ग म्हणजे प्रीमियर लीग. त्यात २० क्लब. दरसाल तळाचे तीन खालच्या वर्गात जातात आणि खालचे तीन वर येतात. वर आहात तोवर टेलिव्हिजनचा पैसा धो धो येतो. खाली उतरलात की तो आटतो, आणि करारात तशी अट घालून ठेवली नसेल तर पगार वरच्या वर्गाच्या दरानेच द्यावे लागतात. वरच्या वर्गातले पहिले काही क्लब पुढच्या साली चॅम्पियन्स लीग या युरोपभरच्या स्पर्धेत खेळतात. तिथला पैसा वेगळा आणि मोठा. पण ती जागा खोडव्यासारखी आपोआप फुटून येत नाही. तिची दरसाल नवी लागण करावी लागते. लीड्सची गोष्ट कळायला एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

बेणेमळा उत्तम होता

लीड्स हे उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायर भागातले, लोकरीच्या कापडासाठी नावाजलेले जुने शहर. तिथला हा क्लब १९१९ साली स्थापन झाला. एलंड रोड हे त्याचे मैदान. डॉन रेव्ही हे मॅनेजर असताना, म्हणजे १९६१ ते १९७४ या काळात, क्लबाने दोनदा लीग जिंकली. (मॅनेजर म्हणजे तिकडे संघ निवडणारा आणि खेळवणारा मुख्य माणूस.) पुढे १९९२ साली हॉवर्ड विल्किन्सन यांच्या हाताखाली पुन्हा जिंकली. म्हणजे घर खानदानी होते.

१९९७ साली पीटर रिड्सडेल क्लबाचे चेअरमन झाले. हे गृहस्थ लहानपणापासून याच क्लबाचे भक्त. १९९८ च्या ऑक्टोबरात डेव्हिड ओ'लिअरी मॅनेजर झाले. त्यांच्या हाताशी क्लबाच्या स्वतःच्या तालमीत तयार झालेली पोरं होती: हॅरी क्यूएल, जोनाथन वुडगेट, ॲलन स्मिथ, गोलरक्षक पॉल रॉबिन्सन. आपल्या भाषेत सांगायचे तर बेणेमळा उत्तम होता. बाहेरून बेणे आणायची फारशी गरज नव्हती.

फळ लगेच दिसले. १९९९ साली लीगमध्ये चौथा नंबर, २००० साली तिसरा. तिसऱ्या नंबरामुळे चॅम्पियन्स लीगचे दार उघडले आणि २००१ साली लीड्स त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. तिथे स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबाकडून हरला. पण शहरात दिवाळी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

न आलेल्या प्रेक्षकांवर कर्ज

यश आले की भूक वाढते. नोव्हेंबर २००० मध्ये लीड्सने वेस्ट हॅमकडून रिओ फर्डिनांड हा बचावपटू १ कोटी ८० लाख पौंड देऊन आणला. बचावपटूला एवढी किंमत तोवर जगात कोणीच मोजली नव्हती. त्यापाठोपाठ रॉबी कीन १ कोटी २० लाखांना आला. एकेका जागेला दोन-दोन, तीन-तीन नावाजलेले खेळाडू जमले आणि प्रत्येकाचा पगार तगडा.

आता नीट बघा. २०००-०१ च्या हंगामात लीड्स युरोपात गाजला, पण घरच्या लीगमध्ये चौथा आला. त्या वर्षी इंग्लंडच्या वाट्याला चॅम्पियन्स लीगच्या जागा होत्या तीनच. तिसऱ्या आलेल्या लिव्हरपूलचे गुण ६९, लीड्सचे ६८. एका गुणाने पुढच्या सालचे ते मोठे उत्पन्न हुकले.

शहाणा कुणबी अशा वेळी काय करतो? पीक हुकले तर लग्नाचा बेत वर्षभर पुढे ढकलतो. लीड्सच्या संचालकांनी उलटे केले. त्याच २००१ साली त्यांनी ६ कोटी पौंडांचे कर्ज उभे केले. तारण काय दिले? पुढल्या २५ वर्षांच्या तिकीटविक्रीचे उत्पन्न!

आपले वाचक म्हणतील, तारणावर कर्ज तर आपला कारखानाही काढतो. काढतोच. पण फरक ध्यानात घ्या. साखर तारण कर्जात पोती गोदामात पडलेली असतात. बँकेचा माणूस येऊन ती मोजतो. किमतीचा काही हिस्सा राखून ठेवूनच बँक उचल देते, आणि साखर विकली की कर्ज फिटते. लीड्सने जे गहाण टाकले, ते गोदामात नव्हतेच. जे प्रेक्षक अजून मैदानावर आलेले नव्हते, ज्यांतले काही अजून जन्मालाही आले नव्हते, त्यांच्या तिकिटांचे पैसे आजच खर्चून टाकले. आणि खर्च कशावर? मैदान वाढवले असते तर वाढलेल्या खुर्च्यांतून हप्ते निघाले असते. पण पैसा संघ उभा करण्यातच जिरला. शिवाय काही खेळाडू भाडेखरेदीसारख्या व्यवस्थेने, म्हणजे हप्त्यांवर, आणलेले होते. हे हप्ते निराळेच.

हिशेब काय होता, तर असा: चांगले खेळाडू आणू, मग पहिल्या तिनाचारांत येऊ, मग चॅम्पियन्स लीगचा पैसा येईल, मग हप्ते जातील. साखळीची एक कडी तुटली तर काय, याचे उत्तर कुठेच लिहिलेले नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

२००१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे चॅम्पियन्स लीगचे उत्पन्न हुकलेल्याच वर्षी, लिव्हरपूलकडून रॉबी फाउलर आणला. त्याचीही किंमत कोटीच्या वर. आणि गंमत बघा, २००२ च्या नववर्षदिनी लीड्स गुणतक्त्यात सर्वांत वर होता! अशा वेळी कोण विचारणार, की बाबा रे, पैसे कुठून आणलेस? विचारणाऱ्याला लोकांनीच वेड्यात काढले असते. मे महिना आला तेव्हा लीड्स पाचवा होता. जागा पुन्हा हुकली. या खेपेला तिला पर्याय राहिला नव्हता.

उतरण

मग विकाविकी सुरू झाली. २००२ च्या जूनमध्ये ओ'लिअरींना काढले. जुलैमध्ये फर्डिनांडला मँचेस्टर युनायटेडकडे दिले, सुमारे ३ कोटी पौंडांना. कागदावर बक्कळ नफा. पण गेला कोण? संघाचा कणा. आणि गेला कुणाकडे? सर्वांत जुन्या वैऱ्याकडे.

अडलेला माणूस विकायला निघाला की बाजाराला वास लागतो. १ कोटी २० लाखांचा कीन ७० लाखांत गेला. २००३ च्या जानेवारीत फाउलर मँचेस्टर सिटीकडे गेला, तोही असा की त्याच्या पगाराचा काही भाग पुढेही लीड्सनेच भरायचा. म्हणजे बैल विकला आणि वैरण आपल्याच गंजीतली! त्याच महिन्यात घरचा वुडगेट न्यूकॅसलला दिला. मग घरचाच क्यूएल लिव्हरपूलला गेला, पुढे रॉबिन्सन टॉटनहॅमला, आणि अखेर गावातच जन्मलेला ॲलन स्मिथ, तोही मँचेस्टर युनायटेडला. बेणेमळा मोडून कर्ज फेडायची पाळी आली.

२००३ च्या मार्चअखेर रिड्सडेल यांनी राजीनामा दिला. २००२-०३ च्या हिशेबात तोटा निघाला जवळजवळ ५ कोटी पौंडांचा. कर्जाचा आकडा १० कोटींच्या वर गेला. मॅनेजर एकामागून एक बदलले. टेरी व्हेनेबल्स, पीटर रीड, एडी ग्रे. माणसे बदलली, पण हप्ते तेच राहिले. २००४ च्या मार्चमध्ये क्लब स्थानिक व्यावसायिकांच्या एका गटाने घेतला. जुन्या कंपनीच्या शेअरधारकांच्या हाती काही उरले नाही. मे महिन्यात लीड्स खालच्या वर्गात गेला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्याला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.

त्याच वर्षी एलंड रोडचे मैदान विकून भाड्याने घेतले. थॉर्प आर्च येथील सरावाची जागाही तशीच गेली. बापजाद्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहायचे दिवस आले.

शेवटचा घाव २००७ साली. क्लबाने दिवाळखोरीच्या कायद्याखाली प्रशासकाकडे कारभार सोपवला, त्याबद्दल १० गुण कापले गेले आणि लीड्स तिसऱ्या वर्गात उतरला. १९१९ पासून अशी वेळ आली नव्हती. पुढच्या हंगामाची सुरुवात आणखी १५ गुण वजा करून झाली. आणि देणेकऱ्यांचे काय? इंग्लंडातला फुटबॉलचा नियम असा, की दुसरे क्लब आणि खेळाडू यांची देणी पुरी भागवायची. बाकीच्यांना, म्हणजे सरकारी कर आणि माल पुरवणारे व्यापारी यांना, पौंडामागे काही पेन्सच मिळाले. मोठ्यांच्या निर्णयाची किंमत शेवटी कुणाच्या गल्ल्यातून जाते, ते यात दिसते.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तिसऱ्या वर्गातही लीड्सच्या मैदानावर सरासरी वीस हजारांवर लोक येत राहिले. ज्यांनी एकही ठराव केला नव्हता, एकाही कागदावर सही केली नव्हती, त्यांनीच तिकिटे काढून क्लब जिवंत ठेवला. २०१० साली तो दुसऱ्या वर्गात आला. २०१७ साली मैदान परत मालकीचे झाले. २०२० साली, सोळा वर्षांनी, मार्सेलो बिएल्सा यांच्या हाताखाली लीड्स पुन्हा वरच्या वर्गात पोचला. २०२३ मध्ये पुन्हा उतरला आणि २०२५ मध्ये पुन्हा चढला. तीन-चार वर्षांतल्या निर्णयांची भरपाई करायला सोळा वर्षे लागली, हा हिशेब विसरू नये.

माशांची गोष्ट

रिड्सडेल गेल्यावर नव्या मंडळींनी खर्चाची झाडाझडती घेतली. त्यात चेअरमनच्या ऑफिसातल्या काचेच्या पेटीतले शोभेचे मासे निघाले. तेही भाड्याचे! झाले, वर्तमानपत्रांना विषय मिळाला. आजही लीड्सचे नाव काढले की इंग्लंडात लोकांना मासे आठवतात.

पण त्या माशांचे भाडे होते वर्षाला अडीचशे पौंडांच्या आतबाहेर. माशांनी क्लब बुडाला नाही. बुडाला तो ६ कोटींच्या एका ठरावाने. मासे सर्वांना कळतात, म्हणून त्यांच्यावर सर्वांनी बोलायचे. पंचवीस वर्षांच्या तारणाचा कागद वाचायला कठीण, म्हणून त्यावर कोणीच बोलायचे नाही. आपल्या सभांतही असेच होते की नाही, हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे. गेस्ट हाउसच्या चहापाण्याच्या बिलावर तासभर वाद होतो आणि विस्तारीकरणाच्या कर्जाचा ठराव "मंजूर, मंजूर" म्हणत मिनिटात होतो. आम्हीही त्या ओरडणाऱ्यांत असतो, हे कबूल करतो. भाव जाहीर झाला की आमचेही लक्ष जेवणाच्या मांडवाकडे लागते.

आणखी एक. लीड्सची ही गोष्ट तिजोरी फोडल्याची नाही. रिड्सडेल क्लबावर जीव टाकणारे होते. आपण स्वप्न जगलो, अशा अर्थाचे बोल त्यांनी पुढे काढले. आपले माणूस प्रेमाने चुकते तेव्हा त्याला अडवणे चोराला अडवण्यापेक्षा अवघड असते. आणि एकटा चेअरमन कर्ज काढू शकत नाही. संचालकांचे हात वर जातात, कर्ज देणारे डोळे झाकून देतात, भक्त टाळ्या वाजवतात. दोष एकाच्या गळ्यात बांधून बाकीचे मोकळे होतात, एवढेच.

सभासद मालक असले तर?

इथे आमच्या एका सहकाऱ्याने शंका काढली. "लीड्स कंपनी होती. सभासदांची संस्था असती, तर असं झालं नसतं."

तसे म्हणता येत नाही. स्पेनमधला बार्सिलोना हा जगप्रसिद्ध क्लब कंपनी नाही. १८९९ साली स्थापन झालेला हा क्लब आजही सभासदांच्या मालकीचा आहे. सभासद लाखाच्या वर आहेत. अध्यक्ष सभासदांच्या मतांनी निवडला जातो आणि हिशेब सभासद-प्रतिनिधींच्या सभेपुढे येतात. आपल्या कारखान्याशी याचे नाते लीड्सपेक्षा जवळचे.

२०१४ पासून तिथे जोसेप मारिया बार्तोमेऊ अध्यक्ष होते. २०१५ साली संघाने लीग, देशाचा कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही पदके एका वर्षात मिळवली. त्याच साली सभासदांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नेमार हा खेळाडू पॅरिसच्या क्लबाने २२ कोटी २० लाख युरो देऊन नेला. एवढी रक्कम हाती आलेली साऱ्या बाजाराला माहीत. मग विकणारे कशाला कमी सांगतील? उस्मान देंबेले मूळ किंमत १० कोटी ५० लाखांना आला, फिलिप कुटिन्यो १२ कोटींना, आणि २०१९ मध्ये आंत्वान ग्रीझमन १२ कोटींना. वर पगार. ज्या ला मासिया या घरच्या शाळेतून मेस्सी, झावी, इनिएस्ता घडले, तिच्याकडे पाठ फिरवून मोठ्या नावांमागे धाव सुरू झाली.

२०२० साली करोनामुळे मैदाने बंद पडली आणि दुखणे उघडे झाले. १४ ऑगस्टला चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ असे हरवले. त्यातले दोन गोल कुणाचे? कुटिन्योचे! कोट्यवधी देऊन आणलेला आपला माणूस बार्सिलोनानेच बायर्नला उसना दिला होता.

पण इथे लीड्सहून वेगळे काही घडले. अविश्वास ठरावासाठी साडेसोळा हजारांवर सह्या लागत होत्या. सभासदांनी वीस हजारांवर जमवल्या. तेही करोनाच्या दिवसांत. मतदान होण्याआधीच, २७ ऑक्टोबर २०२० रोजी, बार्तोमेऊ आणि त्यांच्या मंडळाने राजीनामे दिले. २०२१ च्या मार्चमध्ये निवडणूक होऊन जोआन लापोर्ता अध्यक्ष झाले. त्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर केले, की देणी १३५ कोटी युरोंची आहेत आणि पगाराचा खर्च एकूण उत्पन्नाहून जास्त आहे. लीगच्या पगारमर्यादेत बसेना, म्हणून मेस्सीलाही क्लब सोडावा लागला. २०२२ साली पैसा उभा करण्यासाठी लीगच्या टेलिव्हिजन हक्कांतला चौथा हिस्सा २५ वर्षांकरिता विकला. पुन्हा पंचवीस वर्षेच!

बार्सिलोना खालच्या वर्गात गेला नाही. २०२३ आणि २०२५ साली त्याने लीग जिंकली, घरच्या शाळेतली पोरं पुन्हा पुढे आली. उत्पन्नाचा झरा मोठा होता आणि सभासदांच्या हातात मत होते, म्हणून पडता पडता सावरला. पण जे विकले गेले ते पुढच्या पिढीच्या वाट्यातून गेले. सभासद जागे झाले, पण कधी? ८-२ झाल्यावर. ते २०१७ च्या सभेतच जागे झाले असते, तर मेस्सीला रडत निरोप द्यावा लागला नसता, असे म्हणायला जागा आहे.

सभेला येताना

या लेखाचा रोख आपल्या कारखान्यातल्या कोणा व्यक्तीवर नाही, हे स्पष्ट करतो. कर्ज काढूच नये असेही आमचे म्हणणे नाही. कर्जाशिवाय आपला कारखानाच उभा राहिला नसता. पण दोन्ही क्लबांच्या गोष्टींतून काही प्रश्न निघतात. कुठल्याही संस्थेचा सभासद ते विचारू शकतो, आणि त्यासाठी हिशेबनीस असावे लागत नाही.

पहिला प्रश्न: जो पैसा खर्चायचा ठरतो आहे, तो हाती आलेला आहे की येईल असे धरले आहे?

दुसरा: कर्जाला तारण काय, आणि ते किती वर्षांचे? आपल्या मुलांच्या वाट्याचे त्यात काही जाते आहे काय?

तिसरा: एक हंगाम हुकला, पाऊस गेला किंवा भाव पडला, तर हप्ता कशातून जाणार? याचे उत्तर "हंगाम हुकणारच नाही" असे आले, तर तिथेच थांबावे.

चौथा: घरी जे पिकते त्याकडे दुर्लक्ष करून आपण बाहेरचे महागडे आणतो आहोत काय?

पाचवा: ठरावावर कोणी विरोध नोंदवला काय? कोणीच नोंदवला नसेल तर तो सर्वांना पटला म्हणून, की कोणी वाचलाच नाही म्हणून?

हे प्रश्न वाईट वर्षात सगळेच विचारतात. भाव कमी निघाला की सभा तापते, खुर्च्या सरकतात. पण लीड्सला ते प्रश्न २००२ च्या नववर्षदिनी विचारायला हवे होते, संघ सर्वांत वर असताना. आपल्यालाही ते चांगल्या भावाच्या वर्षी विचारायला हवेत. तेव्हा चेअरमनसाहेबांचे मन मोठे असते, उत्तर द्यायला सवड असते आणि सुधारायला वेळही असतो.

ऑफिसात आलेला तो मुलगा पुन्हा भेटला, तेव्हा आम्ही त्याला थोडक्यात हेच सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे काका, दादांच्या नावानं अहवाल येतो तो नुसता कपाटावर ठेवायचा नसतो." आम्ही म्हटले, नसतो बाबा. तू वाच आणि दादांना वाचून दाखव.

वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल याच महिन्यात सभासदांना पोस्टाने रवाना होत आहे. शेवटच्या पानांवर ताळेबंद आहे. कर्जाचे परिशिष्ट आधी उघडावे, आणि ज्या आकड्यापाशी अडाल त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून तो अहवाल सभेला बरोबर आणावा, ही विनंती.